निरोप आणि शिधा



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला या गावी चालते, ते मास्तर आम्हांला जुन्या अकरावीला रसायनशास्त्र शिकवीत असत. आणि त्यांच्या प्रयोगशाळेची, म्हणजे शाळेच्या मागील अंगास असलेल्या पत्र्याच्या छपराच्या त्या दोन खिडक्यांच्या खोलीची, आठवण ज्यांच्या मनात अद्याप शाबूत आहे असे चार-दोन वृद्ध मला समोरच्या रांगेत दिसत आहेत, त्यांच्यापुढे एका वस्तूचे नाव उच्चारले तरी पुरे: किपचे उपकरण. एकावर एक बसविलेले काचेचे तीन गोल, मधल्या गोलात फेरस सल्फाइडचे काळे खडे, वरून ओतलेले सौम्य आम्ल आणि बाजूस एक तोटी. तोटी उघडली की आम्ल खड्यांना भिडे आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडू लागे; तोटी मिटली की आत कोंडलेला वायूच आम्लाला मागे रेटी आणि सारा कारभार आपोआप थांबे. मागाल तेव्हा मिळेल, न मागाल तेव्हा खर्च नाही, असा तो चोख व्यवहार होता. या व्यवहाराकडे मला पुढे परत यावयाचे आहे. तेवढा तो ध्यानात असू द्या.

त्या वायूचा वास कुजक्या अंड्यांचा. मुले नाकाला रुमाल लावीत, एकमेकांकडे बोटे दाखवीत, आणि मास्तर शांतपणे म्हणत, “वास येतो आहे तोवर घाबरू नका. यायचा थांबला, तर खिडकीकडे पळा.” (हशा) आम्हीही तेव्हा असेच हसलो होतो. वास थांबणे म्हणजे संकट टळणे, इतकी साधी गोष्ट ज्याला कळू नये तो मास्तर कसला, असेच आम्हांस वाटले. पण मास्तरांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. हा वायू हवेच्या दशलक्ष भागांत एका भागाहूनही कमी असताना आपले नाक त्याला ओळखते. तोच शंभर भागांच्या आसपास गेला की काही मिनिटांत गंधाची जाणीवच बधिर होते, वास नाहीसा होतो, आणि सातशे-हजार भागांच्या हवेत तर काही श्वासांतच मनुष्य कोसळतो. म्हणजे ज्या पहारेकऱ्यावर आपण विसंबलो, तो चोर लहान असताना आरडाओरडा करतो आणि चोर मोठा झाला की झोपी जातो. अशा पहारेकऱ्याला चाकरीवर कोण ठेवील? आणि तरीही मनुष्यजातीने हजारो वर्षे ठेवले, कारण दुसरा कोणी मिळत नव्हता.

आजचा विषय म्हणजे या दुसऱ्या पहारेकऱ्याचा शोध. व्याख्यानमालेच्या चिटणीसांना मी जो मथळा कळविला होता, तो थोडा लांबलचक होता: अतिसूक्ष्म रासायनिक संवेदक, ज्यांना बाजारात सर्रास सेन्सर म्हणतात, आणि त्यांना तारेवाचून, जवळच्या जवळ, वीज पोचविण्याची विद्या. त्यावर चिटणीसांनी नम्रपणे विचारणा केली की, महाराज, ही दोन व्याख्याने आहेत की एक? त्यांची शंका रास्त होती. मी त्यांना उत्तर दिले नाही. ते उत्तर म्हणजेच हे व्याख्यान होय.

प्रारंभ विहिरीपासून करू. आपल्या मुलखात जुनी, बरेच दिवस न वापरलेली विहीर उपसावयाची असली की कोणी एकदम खाली उतरत नसे. आधी दोरीला पेटता कंदील बांधून तो सावकाश आत सोडीत, ज्योत तशीच तेवत राहिली तर माणूस उतरे, आणि ती मंदावली किंवा विझली तर काम त्या दिवसापुरते तहकूब होई. हा शिरस्ता कोणत्या हुकुमाने सुरू झाला नव्हता; तो कोणाच्या तरी मरणातून शिकलेला होता. पण या कंदिलाकडे जरा रसायनज्ञाच्या दृष्टीने पाहा. त्या एका वस्तूत तीन अधिकारी नांदत होते: हवा पारखणारा, पारखण्याचा खर्च भागविणारा आणि निकाल वर कळविणारा. ज्योत हाच संवेदक, ज्योतीचे विझणे हाच निरोप, आणि टाकीतले घासलेट हा शिधा. कंदील आपला शिधा आपणच घेऊन उतरतो. आज जगातल्या प्रयोगशाळांत या विषयावर जे जे काही चालले आहे, ते या तीन अधिकाऱ्यांची फारकत करून त्यांना पुन्हा अधिक शहाणपणाने एकत्र नांदविण्याचे काम आहे, असे म्हटले तर ते फारसे चूक होणार नाही.

कंदिलाचे दोष उघड आहेत. तो प्राणवायू कमी झाल्याचे सांगतो, विष असल्याचे सांगत नाही. माणसाला मारण्यास पुरेसा हायड्रोजन सल्फाइड असलेल्या हवेतही त्याची ज्योत सुखाने तेवत राहील. आणि हवा स्फोटक असली तर निरोप कळविण्याऐवजी तोच संकट ओढवून घेतो. कोळशाच्या खाणींत हेच घडत असे, म्हणून १८१५ साली हंफ्री डेव्हीने ज्योतीभोवती तारेची जाळी गुंडाळून सुरक्षित दिवा केला. पुढे जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून खाणीत कॅनरी पक्षी नेऊ लागले, कारण कार्बन मोनॉक्साइडने माणसाच्या आधी तो इवला पक्षी आडवा होतो. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी १९८६ साली निवृत्त झाले. म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यावरही सतरा वर्षे पिंजऱ्यातला पक्षी हा सरकारमान्य संवेदक होता! यात हसण्यासारखे काही नाही. जिवंत प्राण्याइतका सूक्ष्म, चपळ आणि काटकसरी संवेदक बनविणे ही गोष्टच अत्यंत कठीण आहे. रेशमाच्या पतंगाची मादी जो गंध सोडते, त्या एका द्रव्याचे काही मिलिग्रॅम मिळविण्यासाठी बुटेनांड्ट या जर्मन रसायनज्ञाला सुमारे पाच लाख पतंग खर्ची घालावे लागले आणि १९५९ साली त्याचे स्वरूप उलगडले. नर पतंगाच्या मिशा मात्र त्याच द्रव्याचे मोजके रेणू हवेतून उचलतात आणि नर त्यांचा मागोवा घेत मादीकडे जातो.

मग माणसाने काय केले? जपानमध्ये घरोघरी स्वयंपाकाचा गॅस आला आणि त्याबरोबर स्फोटही आले, तेव्हा नाओयोशी तागुची या संशोधकाने १९६० नंतरच्या दशकात कथिलाच्या ऑक्साइडचा संवेदक बाजारात आणला. त्याची रीत अशी की, हे ऑक्साइड दोन-चारशे अंश सेल्सियसपर्यंत तापविले की हवेतला प्राणवायू त्याच्या पृष्ठभागास चिकटतो आणि त्यातल्या विजेच्या वाहतुकीस अडथळा करतो. जळाऊ वायू आला की तो या प्राणवायूला खाऊन टाकतो, अडथळा दूर होतो, वीज सुरळीत वाहू लागते आणि घंटा वाजते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावतात त्या गॅसच्या घंटेत आजही बहुधा हीच युक्ती असते. युक्ती उत्तम, पण जळाऊ म्हणून जे जे काही आहे, ते ते सारे त्याला सारखेच. सिलिंडर गळला तरी घंटा, फोडणीत हिंग पडला तरी घंटा, आणि एखाद्या घरात सत्यनारायणाच्या दिवशी उदबत्त्यांचा जुडगा लावला तर पूजा होईपर्यंत घंटाच घंटा. चार वेळा खोटी वाजली की घरातले कोणीतरी तिची वायर काढून ठेवते. बंधुभगिनींनो, हा जो वायर काढून ठेवणारा मनुष्य आहे ना, त्याच्यासाठी संशोधक रात्री जागतात.

निवड ही खरी विद्या. सगळ्या गर्दीतून एकालाच ओळखणे. लेलंड क्लार्क या अमेरिकी संशोधकाने १९६२ साली त्याची एक वाट दाखविली. रक्तातली साखर मोजावयाची, तर ती प्रत्यक्ष मोजण्याऐवजी, फक्त ग्लुकोजलाच हात लावणारे एक एंझाइम घ्यावे, ते आपल्या प्राणवायू मोजणाऱ्या विद्युदग्रावर पातळ पडद्यांत कोंडावे, आणि साखर खाताना ते किती प्राणवायू वापरते एवढेच पाहावे. कुलूप निसर्गाचे, दार माणसाचे. आज बोटाला टोचून साखर पाहणाऱ्या प्रत्येक पट्टीच्या मुळाशी ही कल्पना आहे, आणि या सभागृहात अशा पट्ट्या खिशात बाळगणारे किती आहेत हे मी विचारीत नाही. हात वर करणारांत मीही असेन.

नंतर आले ते कार्बनचे युग. केसाहून हजारो पटींनी बारीक अशा कार्बनच्या नळ्या. त्यांत सारेच अणू पृष्ठभागावर, म्हणून बाहेरचा एखादा रेणू नुसता येऊन टेकला तरी नळीतल्या विजेला त्याची जाणीव होते. सन २००० मध्ये स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी अशा एकेकट्या नळीने अमोनिया व नायट्रोजन डायऑक्साइड ओळखून दाखविले, आणि २००७ साली मँचेस्टरच्या मंडळींनी ग्रॅफिन या एका अणूच्या जाडीच्या कार्बनच्या थरावर एकेक रेणू येऊन बसल्याची व उठून गेल्याची नोंद घेतली. एक रेणू! याहून लहान पावती कोणी द्यावयाची?

येथे थोडे थांबून मी माझे मत सांगतो, आणि ते माझ्या तरुण सहकाऱ्यांस फारसे रुचत नाही. मला या लहानपणाचे कौतुक आहे, पण बेताचे आहे. एक रेणू ओळखणारा संवेदक प्रयोगशाळेतल्या शुद्ध वायूत एक रेणू ओळखतो. त्याला आपल्या एस.टी. स्थानकावर नेऊन ठेवा, जेथे धूर, धूळ, दमट हवा, चहाची वाफ आणि इतर जे काही आहे ते सारे एकदम त्याच्या अंगावर येईल, आणि मग तो काय ओळखतो ते मला कळवा. शिवाय हे संवेदक सरकतात. आज शून्यावर असलेला काटा महिन्याने शून्यावर राहात नाही. वाण्याच्या तराजूसाठी आपल्याकडे वजनमापे खाते आहे, त्याचा निरीक्षक येतो, वजने तपासतो, शिक्का मारतो. संवेदकाला असा शिक्का कोण मारणार आणि किती दिवसांनी? बाजारातल्या किलोला जी शिस्त आपण लावली, ती हवेतल्या विषाला लावण्याची अद्याप आपल्याला सवय नाही.

तरी समजा की संवेदक उत्तम बनला. आता दुसरा अधिकारी बोलवा. त्याला शिधा कोण देणार?

एक लहानसा हिशेब करू. घड्याळात वा मोटारीच्या किल्लीत असते ती रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी घ्या. तिच्यात भरलेली ऊर्जा एका वॅटचा दिवा सुमारे चाळीस मिनिटे जळू शकेल एवढी असते. आणि कथिलाच्या ऑक्साइडचा स्वस्तातला संवेदक, केवळ स्वतःला तापत ठेवण्यासाठी, सुमारे पाऊण वॅट वीज खातो. म्हणजे ती बॅटरी त्याला नीट एक तासही पुरणार नाही, मुळात इतकी वीज एकदम देण्याची तिची प्रकृतीच नाही. तळहाताएवढ्या संवेदकाला विटेएवढी बॅटरी बांधावी लागली, तर त्याच्या सूक्ष्मपणाचे काय राहिले? पेशव्यांच्या मोहिमांचे वर्णन वाचताना मला नेहमी वाटते की लढणाऱ्या स्वारांपेक्षा बाजारबुणगे आणि शिध्याचे बैलच अधिक असावेत. संवेदकाच्या मोहिमेचेही असेच झाले. कार्बनच्या नळ्या तापवाव्या लागत नाहीत, त्या मिलिवॅटच्या लहानशा अंशावर जगतात, म्हणूनच त्यांचे खरे महत्त्व. पण थोडा का होईना, शिधा हवाच. आणि जेथे संवेदक पुरावयाचा, म्हणजे भिंतीत, पोत्यात, गटारात, माणसाच्या दंडात, तेथे दर सहा महिन्यांनी बॅटरी बदलावयास कोण जाणार?

तेव्हा प्रश्न आला: तारेवाचून वीज पोचविता येईल काय?

हा प्रश्न ऐकताच आपण म्हणतो, त्यात काय, रेडिओ नाही का तारेवाचून येत? येथेच बहुतेकांची फसगत होते. निरोप पोचविणे वेगळे आणि शिधा पोचविणे वेगळे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडून विद्युत् लहरी पाठवून घंटा वाजविली आणि दारू उडविली. सभा थक्क झाली. पण दारूतला जोर दारूचा होता आणि घंटेतला तिच्या बॅटरीचा. लहरीने केवळ निरोप नेला होता. पुण्याच्या आकाशवाणीचे गाणे तुमच्या घरी येते तेव्हा तुमच्या वाट्याला जी शक्ती येते ती इतकी क्षुल्लक असते की तिने चहाचा थेंबही कोमट होणार नाही. गाणे मोठे होते ते तुमच्या घरच्या विजेवर. निकोला टेस्ला या असामान्य पुरुषाची शोकांतिका हीच की, निरोपाच्या पाठोपाठ शिधाही साऱ्या पृथ्वीवर पाठविता येईल असे त्याला वाटले. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९०१ साली त्याने मनोऱ्याचे काम सुरू केले, जे. पी. मॉर्गनसारख्या सावकाराचे पैसे त्यात गेले, पुढे पैसे मिळेनासे झाले, आणि १९१७ साली तो मनोरा पाडून मोडीत निघाला. टेस्लाला वेडा म्हणणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. त्याची चूक एकच होती, आणि ती अंतराची होती.

कारण जवळच्या जवळ वीज तारेवाचून जाते, हे मायकेल फॅरडेने १८३१ सालीच दाखविले होते, आणि तुम्ही रोज ते पाहता. गावाच्या वेशीवर खांबावर जे रोहित्र बसविलेले असते, ज्याला आपल्याकडे लहानथोर डीपी म्हणतात, आणि जे नेमके लग्नसराईत जळते, त्याच्या पोटात तारेची दोन वेटोळी असतात. एकात वरची वीज येते, दुसऱ्यातून तुमच्या घरी जाते, आणि त्या दोन वेटोळ्यांना जोडणारी तार नसते! एका वेटोळ्यातल्या विजेच्या चढउताराने चुंबकीय क्षेत्र चढते-उतरते आणि त्या क्षेत्राच्या चढउताराने दुसऱ्या वेटोळ्यात वीज उमटते. म्हणजे आपल्या घरचा प्रत्येक दिवा आजही वाटेत एके ठिकाणी बिनतारीच आहे. फक्त ते अंतर बोटभर आहे आणि मध्ये लोखंडाचा गाभा आहे.

आता तो गाभा काढून घ्या आणि वेटोळी दूर सरकवा. काय होते? वेटोळ्याच्या आकाराहून अंतर वाढले की चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने उतरते. अंतर दुप्पट केले तर क्षेत्र अष्टमांश राहते, आणि पोचणारी शक्ती क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे असल्याने ती चौसष्टांशावर येते. रुपयाचे दीड पैसे! इतका जबर कर कोणत्या बादशहाने बसविला असेल? या कराविरुद्ध एकच अपील चालते, ते अनुस्पंदनाचे. झोपाळा योग्य वेळी हलकेच ढकलीत राहिले तर लहान मूलही मोठ्या माणसाला झुलविते. तसेच दोन्ही वेटोळी एकाच कंप्रतेला लावली तर थोड्याशा क्षेत्रातूनही शक्ती साठत जाते. मरिन सोल्याचिच हे अमेरिकेतल्या एम.आय.टी.तील प्राध्यापक. बायकोचा मोबाइल चार्जिंग संपल्याबद्दल मध्यरात्री पुन्हा पुन्हा कुरकुरू लागल्याने झोपेतून उठून स्वयंपाकघरात उभे असताना त्यांना वाटले की घरभर वीज असताना या फोनने आपली सोय आपण का करू नये. २००७ साली त्यांच्या मंडळींनी दोन मीटरांवरून, मधोमध कोणी उभे असतानाही, साठ वॅटचा दिवा लावून दाखविला. शंभरांतली चाळीस शक्ती पोचली. ज्या भूमीत टेस्ला जन्मला, त्याच क्रोएशियात सोल्याचिच यांचाही जन्म झाला. हा योगायोग सांगण्याचा मोह मला आवरत नाही.

पण दिवा लावण्याहून माझे लक्ष दुसरीकडे आहे. या जवळच्या क्षेत्राचा एक गुण फार मोलाचा आहे. लांब जाणारी लहर ही सोडून दिलेल्या जनावरासारखी. कोणी धरो वा न धरो, ती गेली ती गेली. जवळचे क्षेत्र हे दाव्याला बांधलेले असते. प्रत्येक आवर्तनात त्याची शक्ती वेटोळ्यातून बाहेर पडते आणि कोणी घेणारा नसला तर बहुतांशी परत वेटोळ्यात येते. शेजारी दुसरे वेटोळे आले तरच त्यातून वाटा काढला जातो. मागाल तेव्हा मिळेल, न मागाल तेव्हा खर्च जवळजवळ नाही. ओळखले ना? ते किपचे उपकरण आहे.

मागितल्यावरच शिधा देण्याच्या या युक्तीचा पहिला नाणावलेला प्रयोग मात्र प्रयोगशाळेत झाला नाही, तो मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूताच्या घरी झाला. ऑगस्ट १९४५ मध्ये रशियन मुलांनी त्यांना अमेरिकेच्या राजमुद्रेचे लाकडी कोरीव शिल्प नजर केले. ते त्यांच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर सात वर्षे शोभले. १९५२ साली कळले की त्याच्या पोटात कान आहे! त्या कानात बॅटरी नव्हती, तार नव्हती, काहीच नव्हते. बाहेरून रेडिओलहर सोडली की तिच्यावरच तो जागा होई, खोलीतल्या बोलण्याप्रमाणे ती लहर हालवी, आणि लहर थांबली की पुन्हा मुका. करणारा रशियन संशोधक लेव्ह थेरेमिन. हाच वंश पुढे बराच फोफावला. टोलनाक्यावर गाडीच्या काचेला चिकटविलेल्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते; नाक्यावरची लहर त्याला क्षणभर जागवते. मेट्रोचे कार्ड फाटकावर टेकविता, तेव्हाही हेच. फक्त तेथे कंप्रता १३.५६ मेगाहर्ट्झ, आणि कार्ड चार-पाच बोटांच्या अंतरात यावे लागते, कारण तो जो घनाचा कर आहे तो कोणाला चुकत नाही.

आता चिटणीसांच्या प्रश्नाचे उत्तर. २०१४ साली एम.आय.टी.तील टिमथी स्वेगर यांच्या प्रयोगशाळेने बाजारातला असाच एक स्वस्त टॅग घेतला, कागदाला भोक पाडण्याच्या साध्या पंचाने त्याच्या छापील मंडलात भोक पाडले, आणि तुटलेला रस्ता कार्बनच्या नळ्यांच्या पेन्सिलीने रेघ ओढून जोडला. पेन्सिलीने! त्या नळ्यांना विशिष्ट वायू लागला की रेघेचा विद्युत् विरोध बदलतो, टॅगची कंप्रता ढळते, आणि जवळ नेलेला मोबाइल फोन जो त्याला एरवी ओळखतो तो ओळखेनासा होतो, किंवा उलट. अमोनिया आहे की नाही, याचे उत्तर फोनला मिळते. संवेदक, निरोप आणि शिधा यांची फारकत झाली होती. त्यांना एका पैशाच्या कागदावर पुन्हा एकत्र आणले ते पेन्सिलीच्या एका रेघेने. शिधा फोनचा, जाणीव टॅगची. त्याच मंडळींनी त्याआधी दोन वर्षे पिकणाऱ्या फळांतला एथिलिन वायू ओळखणारा कार्बन-नळ्यांचा संवेदक केला होता. आमच्या कोकणातल्या आजीला आंब्याच्या आढीत हात न घालता, नुसते दारात उभे राहून, कोणत्या थरात आंबा तयार झाला ते कळे. आणि कार्बाइडने पिकविलेल्या पेटीला ती नाक मुरडी. आजीला हरविणारे यंत्र अद्याप झालेले नाही, पण आजी मुंबईच्या फळबाजारात उभी राहू शकत नाही, हेही खरे.

आणि दंडातला संवेदक. एव्हरसेन्स नावाचा, अठरा मिलिमीटर लांब व साडेतीन मिलिमीटर जाड असा एक दाणा कातडीखाली बसवितात. त्यात बॅटरी नाही. वरून दंडावर चिकटविलेली डबी दर पाच मिनिटांनी त्याला १३.५६ मेगाहर्ट्झच्या क्षेत्रातून शिधा देते. आत एक इवला दिवा लागतो, ग्लुकोजला धरणारे एक द्रव्य त्या प्रकाशात कमीअधिक चमकते, ती चमक मोजली जाते आणि आकडा बाहेर येतो. अमेरिकेत २०१८ साली त्याला मंजुरी मिळाली तेव्हा तो नव्वद दिवस टिके. २०२४ सालापासून वर्षभर टिकणारा आला. मधल्या सहा वर्षांत विजेचा प्रश्न नव्हता, प्रश्न शरीराचा होता. शरीर परक्या वस्तूला ओळखते, तिच्याभोवती पेशींचा कोट बांधते, आणि कोटाबाहेरची साखर आत पोचेनाशी होते. म्हणून त्या दाण्याला दाह कमी करणाऱ्या औषधाची एक कडी बसविलेली असते. या साऱ्यात मला मौज वाटते ती एवढीच की, दंडावरची ती डबी मात्र रोज चार्ज करावी लागते. शिध्याचा प्रश्न सुटला नाही; तो कातडीच्या आतून बाहेर आला. बाहेर आला, हेच मोठे काम झाले.

आता मास्तरांच्या वायूकडे परत येतो, कारण त्याच्यावाचून हे व्याख्यान अपुरे राहील.

गटाराच्या मॅनहोलमध्ये जो वायू साचतो, त्यात मास्तरांचा तोच हायड्रोजन सल्फाइड असतो. माणूस आत वाकतो, वास येतो, दोन क्षणांत वास थांबतो, त्याला वाटते निवळले, तो उतरतो. त्याला काढावयास दुसरा उतरतो. संरक्षक साधनांवाचून माणसाला हे काम करावयास लावण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मृताच्या कुटुंबास दहा लाख रुपये देण्याचा हुकूम केला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाखांवर नेली. रक्कम वाढवावी लागली, यावरून मृत्यू थांबले नाहीत हे उघड आहे.

मला अनेकदा विचारतात, मग हे तुमचे टॅग मॅनहोलच्या झाकणाखाली का चिकटवीत नाही? वरून फोन लावला की कळेल. कल्पना गोड आहे, पण झाकण बिडाचे असते, आणि १३.५६ मेगाहर्ट्झचे क्षेत्र लोखंडातून पलीकडे जात नाही. त्या धातूत भोवरे उठून ते तेथेच विरते. झाकण फायबरचे केले तर जमेल. काठीच्या टोकाला टॅग आणि त्याला विचारणारे वेटोळे बांधून झाकणाच्या छिद्रातून आत सोडले तरी जमेल, म्हणजे फिरून आपला तो विहिरीतला कंदीलच झाला. त्या टॅगने महिनाभर गटाराच्या वाफेत राहून खरे बोलावे, हे संशोधकांचे काम, आणि ते अजून व्हावयाचे आहे. पण ज्या टॅगला बॅटरी नाही, तो स्वतःहून ओरडत नाही, हे नीट समजून घ्या. जवळ जाऊन, चार बोटांवर फोन धरून, कोणीतरी विचारल्यावाचून तो मुकाच. विचारण्याची जबाबदारी या विद्येने माणसाच्या अंगावरून काढलेली नाही. उलट कोणी विचारावे, हे तिने अगदी चार बोटांच्या हिशेबाने नेमून दिले आहे.

आणि विचारण्यासाठी संशोधकांची वाट पाहण्याचे कारण नाही. प्राणवायू, जळाऊ वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड असे चार वायू मोजणारे हातात मावणारे यंत्र बाजारात वर्षानुवर्षे मिळते. प्राणवायू साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली किंवा हायड्रोजन सल्फाइड दशलक्ष भागांत दहाच्या वर दिसला की उतरावयाचे नाही, इतके ते सरळ आहे. मी एका नगरपालिकेच्या भांडारात ते पाहिले आहे. कपाटात, खोक्यात, पावतीसकट. बॅटरी संपलेली, आणि आतल्या संवेदकांची दोन-तीन वर्षांची मुदत कधीच उलटून गेलेली. भांडारपाल सज्जन होता. त्याने मला नोंदवही दाखविली. यंत्र जमा झाल्याची नोंद सुवाच्य अक्षरात होती, बाहेर दिल्याची एकही नव्हती.

बंधुभगिनींनो, आपल्या गावच्या पालिकेचे काही सदस्य आज या सभागृहात आहेत, आणि मुख्याधिकारी साहेबही मागे उभे आहेत. उद्या सकाळी कचेरी उघडल्यावर त्यांना तीन प्रश्न विचारा. ते यंत्र आपल्याकडे आहे काय? ते चार्ज केलेले आहे काय? आणि ते शेवटचे कोणी, कोणत्या तारखेस, बाहेर नेले? उत्तरे लेखी मागा.